गजांमधली जागा

“गज कापायचं न्हाय,” गणपतराव दारातच उभे राहून म्हणाले. “आधीच सांगतो. भिंतीला भोक न्हाय, चौकटीला खिळा न्हाय. बाकी काय करायचं ते करा.”

खिडकीपाशी उकिडवा बसलेला आकाराम वळला नाही. त्याने एका गजापासून दुसऱ्या गजापर्यंत चार बोटं लावून पाहिली, मग खिशातली टेप काढून मोजलं. चार इंच. शेजारची जागा मोजली. तीही चार इंच.

“मालक, मी अजून कायबी कापलं न्हाय. नुसतं बघायलोय.”

“बघा की. बघायला कोण नगं म्हणतंय?” गणपतराव घरमालक होते, वरच्या मजल्यावर राहायचे. वीस वर्षांपूर्वी याच खिडकीचे दोन गज वाकवून चोर आत शिरला होता. तेव्हापासून गजांचा विषय निघाला की त्यांचा आवाज चढायचा. “भाडेकरू येत्यात, जात्यात. गज ऱ्हात्यात,” असं म्हणून ते जिना चढून गेले.

“तुमी मनावर घेऊ नका मामा,” साक्षी म्हणाली. “बोलायला तसं हाईत. वाईट न्हाईत.”

ती बादलीत चादर बुडवून पिळत होती. पिळून झाल्यावर तिने ती चादर कॉटवर झोपलेल्या नवऱ्याच्या अंगावर पसरली, गळ्यापासून पायापर्यंत, कुठेही सुरकुती राहू न देता. दर अर्ध्या तासाने ती हेच करत होती. एप्रिल संपत आला होता. दुपारचे बारा वाजायचे होते आणि खोली आत्ताच भट्टीसारखी झाली होती.

तिचा नवरा नागसेन वायरमन होता. पंधरा वर्षं खांबांवर चढला, पावसात चढला, वाऱ्यात चढला, कधी पाय घसरला नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात गावी, नेसरीला गेला असताना घरामागच्या झाडावरून आंबे उतरवताना पडला. मानेचं हाड मोडलं. हातापायातली ताकद गेली ती गेलीच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, जी आधी कुणाच्या लक्षात आली नाही. छातीखालच्या अंगाला घाम येणं बंद झालं. थंडीत, पावसाळ्यात त्याचं काही वाटलं नाही. मार्चमध्ये ऊन तापलं आणि दोनदा त्याचं अंग एकशे तीनवर गेलं. साक्षी स्वतः नर्स. तिने ओळखलं की हा ताप नव्हे. बाहेरचं ऊन अंगात शिरत होतं, आणि त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती.

भिंतीत बसवायच्या एसीला गणपतरावांची परवानगी मिळणार नव्हतीच. मग साक्षीच्या भावाने, विश्वजितने, हैदराबादहून चाकांवरचा एसी पाठवला. कमरेएवढा उंच, पांढरा, कुठेही ढकलत नेता येणारा. पुढून गार हवा सोडायचा आणि मागच्या सहा इंची नळीतून गरम हवा बाहेर टाकायचा. ती नळी खिडकीबाहेर काढायची, एवढंच काम होतं. कंपनीचा माणूस आला, नळीबरोबर आलेली प्लॅस्टिकची पट्टी खिडकीला लावून पाहिली आणि म्हणाला, “मॅडम, ही पट्टी सरकत्या खिडकीला बसते. तुमची खिडकी जुनी आहे. खिडकी बदलून घ्या.” चहा न घेता गेला.

खोलीला खिडक्या दोन. एक उघडली की वीतभर अंतरावर शेजारच्यांची भिंत. तिथे गरम हवा सोडली तर तीच परत आत येणार. दुसरी गल्लीकडची, सागवानी, वर दोन झडपा, खाली दोन झडपा, आणि बाहेरच्या अंगाला उभे गज. चार इंचाच्या जागेतून सहा इंची नळी जाणार कशी? दोन दिवस त्यांनी नळी दारातून पुढच्या सोप्यात सोडून पाहिली. सोपा तापला आणि दाराच्या फटीतून सगळी आग पुन्हा आत आली.

साक्षीची रजा शनिवारी संपत होती. सोमवारपासून दुपारची ड्यूटी, दोन ते नऊ. खोली गार झाली नाही तर दोनच वाटा होत्या. नोकरी सोडायची, नाहीतर नागसेनला नेसरीला त्याच्या आईकडे पाठवायचं. धोंडुबाई सत्तरीच्या. मुलाला कुशीवर वळवणं त्यांना एकटीला जमणारं नव्हतं, आणि काही झालं तर मोठा दवाखाना गडहिंग्लजला.

“मला पोत्यात घालून पाठव,” नागसेन हसत म्हणायचा. “एस्टीच्या टपावर टाक.”

साक्षी हसायची नाही.

आकारामचं नाव तिला झुंबरबाईंनी सांगितलं. झुंबरबाई तिच्याच दवाखान्यात आया होत्या. “गंगावेशीत एक म्हातारा हाय. बंबाची धुराडी करायचा. वाकडंतिकडं कायबी असूंदे, पत्र्यात बसवायचा. मी सांगतो त्येला,” असं म्हणून त्या स्वतःच त्याच्या दुकानात गेल्या होत्या.

आकाराम अडुसष्ट वर्षांचा होता. बाराव्या वर्षी मामाच्या हाताखाली पत्रा कापायला लागला तो आजवर दुसऱ्या कशात पडला नाही. धान्याच्या कोठ्या, तेलाची नरसाळी, लग्नाच्या पेट्या आणि बंबाची धुराडी. एके काळी पहाटे गंगावेशीतून चाललं की घराघरातून निघणारा धूर बघून तो सांगायचा, हे माझं, हेही माझं. पुढे गीझर आले, प्लॅस्टिकचे डबे आले. दुकान राहिलं, काम आटत गेलं. मुलगा राजवीर एका शोरूममध्ये होता, तो म्हणायचा, “आबा, आता बास करा.” आकाराम ऐकायचा नाही. रोज नऊला दुकान उघडायचा, सहाला बंद करायचा.

पण गेले आठ महिने त्या दुकानात एकही नवी वस्तू घडली नव्हती. उंदरांचे पिंजरे आणि बादल्या तयार आणून विकत होता. कारण कुणाला माहीत नव्हतं. दीड वर्षापासून त्याचा उजवा हात थरथरत होता. हातोडीला ते चालून जायचं, डाख द्यायला चालत नव्हतं. दोन पत्र्यांच्या सांध्यावर वितळलेलं कथील धारेसारखं सोडायचं तर हात दगडासारखा लागतो. घरी जेवताना तो वाटी डाव्या हाताने उचलायचा आणि सुनेला, मोनाला, वाटायचं, सासऱ्यांना सवय लागली असेल.

झुंबरबाई आल्या तेव्हा तो नाहीच म्हणणार होता. मग वाटलं, बघायला काय जातंय? मोजमाप घ्यायला हात कशाला स्थिर लागतो?

“काय म्हणत्या टेप? चार इंच?” कॉटवरून नागसेनने विचारलं.

आकारामने मान वळवली. आतापर्यंत त्याने त्या माणसाकडे नीट पाहिलं नव्हतं. आजारी माणसाकडे बघत राहू नये, अशी त्याची समजूत. पण नागसेनचे डोळे टकटकीत होते आणि ते सरळ टेपवर होते.

“चारच म्हणत्या, पावणं. नळी सहाची.”

“नळी जात न्हाय. पण वारा जातोय न्हवं?”

“जातोय की.”

“मग नळीला कशाला बाहीर काढता? वाऱ्याला काढा. नळी आतच थांबूंदे.”

आकारामने टेप मिटवली. कपाळावरचा घाम पुसला. एकदा नळीच्या गोल तोंडाकडे पाहिलं, एकदा गजांच्या उंच अरुंद फटीकडे.

“हिकडं गोल,” तो सावकाश म्हणाला, “आनि तिकडं चपटं. उभं चपटं. साडेतीन इंच रुंद, नऊ-साडेनऊ उंच. जागा तेवढीच पडत्या.”

“वारा अडणार न्हाय ना?”

“वाऱ्याला गोल-चौकोन कळत न्हाय. जागा कळत्या.” आकारामच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं. “तुमी पत्र्याचं काम केलंय काय?”

“न्हाय. पंधरा वर्षं तारा ओढल्या. ज्या गल्लीत खांब उभा ऱ्हात न्हाय तितनंबी तार न्यायला लागत्या.”

त्या दुपारी आकारामने जुन्या वर्तमानपत्रावर नमुना काढला. एका बाजूला वर्तुळ, दुसऱ्या बाजूला लांबट चौकोन, मधे एकाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या तिरप्या रेघा. रेघा थोड्या नागमोडी आल्या. नागसेनने कागद आपल्या डोळ्यांसमोर धरायला लावला आणि एक चूक काढली: एसी भिंतीपासून हातभर लांब राहणार, तेव्हा गोल तोंड जरा खाली झुकलेलं हवं, नाहीतर नळी मुडपेल. आकारामने पुन्हा काढलं. साक्षीने मधे दोनदा चादर भिजवली, ताक केलं आणि बऱ्याच दिवसांनी नागसेन तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी तरी बोलतोय हे ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो कापलेला पत्रा, हातोडी, लाकडी मोगरी आणि छोटी गॅसची शेगडी घेऊन रिक्षातून आला. पत्रा वाकवण्याचं काम दुकानातही झालं असतं, पण फट प्रत्यक्ष बघत बघत वाकवायची होती. तो सोप्यात बसला. साक्षीने कॉट थोडी फिरवली, म्हणजे नागसेनला दारातून दिसेल.

मोगरीचे ठोके पडू लागले आणि आकारामचं वय जरा कमी झालं. पत्रा त्याच्या मांडीवर ऐकत होता. एका तासात पत्र्याला कमर आली, खांदा आला. चपटं तोंड गजांतून सरकवून पाहिलं, दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच फट राहिली. वरून गणपतराव उतरून आले, गज मोजल्यासारखे बघितले आणि पुन्हा जिना चढून गेले.

मग डाख द्यायची वेळ आली.

आकारामने शेगडीवर डाखाचं लोखंड तापवलं, कथील धरावं म्हणून सांध्याला नवसागर लावला आणि कथील टेकवलं. थेंब सांध्यावर न पडता फरशीवर पडला. त्याने लोखंड पुन्हा शेगडीवर ठेवलं. दुसरा थेंब पत्र्यावरून ओघळला. तिसऱ्यांदा लोखंडाचं टोकच घसरलं आणि पत्र्यावर काळी रेघ उठली.

“लोखंड तापंना झालंय,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. “गॅस कमी असंल.”

“मामा,” आतून नागसेन हळू आवाजात म्हणाला. “लोखंड तापलंय. हात थरथरतोय.”

साक्षी स्वयंपाकघरात होती, तिला ऐकू गेलं नाही. आकारामने उजवा हात मांडीखाली दाबला, लहान मूल लपवतं तसा.

“कवाधरनं?”

“झालं दीड वरीस. घरात ठाव न्हाय कुणाला. सांगितलं तर दुकान बंद करायला लावतील. चिकटपट्टी लावूया का हिथं?”

“उन्हानं सुटंल ती.”

“सुटंल,” आकारामने मान्य केलं. पन्नास वर्षांत त्याने कुणाला चिकटपट्टी लावून दिली नव्हती.

“माझाबी थरथरायचा,” नागसेन म्हणाला. “खांबावर. पयल्या वर्षी लय. आमच्या मुकादमानं एक सांगितलंतं. श्वास घेताना काम करायचं न्हाय, सोडताना करायचं न्हाय. सोडून झाला की मधी एक घटका अंग गप बसतंय. तेवढ्यात करायचं. थोडंथोडं. कोपर गुडघ्यावर टेकवा. मी सांगतो कवा ते.”

“तुमी सांगणार?”

“दुसरं काय काम हाय मला? हं, घ्या श्वास. सोडा... सोडा... आता.”

लोखंड टेकलं. वाटाण्याएवढं कथील सांध्यावर बसलं आणि तिथेच राहिलं.

“उचला. घ्या पुन्ना. सोडा... सोडा... आता.”

सांधा जेमतेम दीड हात लांबीचा. ऐन उमेदीत आकारामने तो पाच मिनिटांत एका धारेत दिला असता. त्या दिवशी पाऊण तास लागला. मधे दोनदा हात ऐकेना, तेव्हा दोघं थांबले. नागसेनने त्याला खांबावरच्या गोष्टी सांगितल्या. कावळ्याने टोचलेली, आणि तारेवरून गल्लीतल्या लग्नाची पंगत बघितलेली. मग पुन्हा “घ्या, सोडा.” साक्षी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दोन माणसं एकाच लयीत श्वास का घेतायत हे तिला कळलं नाही.

झालं तेव्हा आकारामने पत्रा उजेडात धरला. सांधा गाठीगाठींचा होता.

“गाबाळं झालं,” तो शरमून म्हणाला. “असलं काम मी कवा कुणाला दिलं न्हाय.”

“गळतंय का?”

त्याने दोन्ही तळव्यांनी चपटं तोंड झाकून गोल तोंडातून फुंकर मारली, कान लावला. “न्हाय.”

“मग झालं की. वारा कुठं बघायलाय?”

खिडकीच्या खालच्या अर्ध्यात बसेल असा प्लायचा तुकडा गणपतरावांनी आणून दिला. कुणी मागितला नव्हता. “माळ्यावर पडलावता,” एवढंच म्हणाले. प्लायमध्ये पत्र्याच्या तोंडाएवढी फट कापून आणि कडांना जुन्या घोंगड्याच्या पट्ट्या चिकटवून आकारामने तो चौकटीत घट्ट बसवला, आतून तारेने गजांना आवळला. एक खिळा नाही. पत्र्याचं चपटं तोंड गजांमधून बाहेर गेलं, गोल तोंड खोलीत राहिलं, त्याला नळी चढली.

“साध्या प्लगात लावू नकोस,” नागसेनने साक्षीला बजावलं. “मोठ्यात लाव. फ्रीज काढ त्यातला.”

एसी सुरू झाला. आवाज मोठा होता. गणपतराव गल्लीत जाऊन गजांपुढे हात धरून उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, “आग यायल्या बाहीर! आग!” जणू त्यांनीच लावली होती.

अर्ध्या तासात भिंती निवल्या. साक्षीने नवऱ्याच्या कपाळाला हात लावला, मग काखेत थर्मामीटर ठेवलं. ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. मग ती बादली उचलून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. नळाच्या आवाजात दुसरं काही ऐकू आलं नाही. दोन्ही पुरुष एकमेकांकडे न बघता एसीकडे बघत बसले.

आता सोमवारचा प्रश्न उरला. झुंबरबाई सकाळची पाळी आणि घरचं काम आटोपून पाचला येऊन बसायला तयार होत्या. पण दोन ते पाच कोण?

“मी बसतो की,” आकाराम हत्यारं गोळा करता करता म्हणाला. “तसाबी सांधा बघायचाच हाय. चालू मशीनवर कसा ऱ्हातोय, दोन-चार दिवस बघितलं पायजे.”

“तुमचं दुकान, मामा?”

“दुपारचं कोण येतंय पिंजरा घ्यायला?”

सोमवारी तो पावणेदोनलाच आला. साक्षीने त्याला सगळं दाखवलं. पाणी कसं नळीने पाजायचं, अंग तापलं तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. त्याने प्रत्येक गोष्टीला “व्हय” म्हटलं. ती बाहेर पडली, पुन्हा आत आली, थर्मामीटर हाताशी सरकवून ठेवलं आणि गेली.

दवाखान्यात तिचं लक्ष नव्हतं. साडेतीनला तिने आकारामला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. तिच्या डोळ्यांपुढे नाही नाही ते उभं राहिलं. लाइट गेली असेल. एसी बंद पडला असेल. म्हाताराच कुठे पडला असेल आणि नागसेन हाका मारत असेल. तिने वॉर्डच्या मुख्य सिस्टर मीनाबाईंना गाठलं. “वीस मिनिटं द्या मला, बाई. घरी जाऊन येतो.”

“जा जा,” मीनाबाईंनी स्वतःच्या स्कूटरची किल्ली तिच्या हातात दिली.

गल्लीत शिरली तेव्हा तिला आधी खिडकी दिसली. गजांमधून गरम वारा येत होता, समोरच्या तारेवरचा कुणाचा तरी टॉवेल हलत होता. तरी तिचा जीव खाली बसला नाही. तिने सोपा ओलांडला आणि दार ढकललं.

“श्श,” नागसेन म्हणाला.

कॉटशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत आकाराम झोपला होता. मान एका खांद्यावर कलली होती, तोंड अर्धवट उघडं होतं, दोन्ही हात मांडीवर शांत पडले होते.

“हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय,” नागसेन कुजबुजला. “रात्री झोपच लागत न्हाय म्हणत होतं. असल्या गारव्यात कवा बसलं न्हाईत म्हणं जन्मात.”

“फोन कुणी उचलंना. मला काय काय वाटलं.”

“खिशात हाय त्येंच्या. वाजला चार येळा. हललं न्हाईत.”

तिने नागसेनच्या कपाळाला हात लावला, मानेला लावला. कोरडं, गार. तिने आकारामला उठवायला हात पुढे केला.

“उठवू नगं.”

“अवो, तुमाला काय लागलं तर?”

“लागलं तर हाक मारतो. तोंड हाय की मला.” तो थोडा वेळ म्हाताऱ्याकडे बघत राहिला. “मान वाकडी झाल्या त्येंची. उशी दे मागं. अवघडंल.”

साक्षीने नागसेनच्या पायाशी ठेवलेली उशी घेतली आणि आकारामचं डोकं अलगद उचलून खाली सरकवली. त्याने झोपेतच ओठ हलवले आणि पुन्हा घोरू लागला.

“तू जा,” नागसेन म्हणाला. “ड्यूटीवर हाईस. काळजी करू नगंस. मी हाय की हितं.”

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने चपला पायातून काढून हातात घेतल्या आणि बाहेर जाऊन दार आवाज न करता ओढून घेतलं.